छिद्र, वेळ आणि अडवलेली सुई : स्वयंचलित एक्स्पोजरचा इतिहास

छायाचित्र काढताना फिल्मवर किती प्रकाश पडावा हे दोन गोष्टी ठरवतात : भिंगाचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडे ठेवले आहे आणि शटर किती वेळ उघडे राहते. या दोहोंच्या मेळातून फिल्मला जो एकूण प्रकाश मिळतो त्याला एक्स्पोजर म्हणतात. छिद्राचा आकार एफ-क्रमांकांनी सांगण्याची रीत आहे, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही ती मालिका, आणि तिच्यातील प्रत्येक पुढच्या पायरीवर, जिला ‘स्टॉप’ म्हणतात, आत येणारा प्रकाश निम्मा होतो. शटरच्या वेगांची मालिकाही त्याच बेताने आखलेली आहे : सेकंदाचा १/६०, १/१२५, १/२५० भाग, आणि पुढेही असेच निम्मे निम्मे. छिद्र एका स्टॉपने लहान केले आणि वेळ दुप्पट केला, तर फिल्मला मिळणारा प्रकाश तेवढाच राहतो. चित्र मात्र तेच राहत नाही. मोठ्या छिद्राने मुख्य विषयाच्या मागचा-पुढचा परिसर धूसर होतो, तर लहान छिद्राने जवळचे आणि दूरचे दोन्ही रेखीव उमटते. वेळ थोडा असेल तर धावता घोडा जागच्या जागी खिळलेला दिसतो आणि जास्त असेल तर त्याच घोड्याचे पाय पुसट रेषांत विरून जातात.

म्हणजे प्रश्नाचे दोन भाग होतात. एकूण प्रकाश किती हवा, हा मोजणीचा भाग. तो प्रकाश छिद्र आणि वेळ यांच्यात कसा वाटायचा, हा निवडीचा. १९३०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत कॅमेऱ्याने हे दोन्ही भाग टप्प्याटप्प्याने माणसाकडून आपल्याकडे घेतले. हा इतिहास बहुधा ‘पहिला कॅमेरा कोणाचा’ अशा मानकऱ्यांच्या यादीच्या रूपात सांगितला जातो आणि त्यात त्याचा खरा धागा हरवतो. कॅमेऱ्याने छिद्र आपल्याकडे घ्यावे की वेळ, हे कोणत्याही सौंदर्यविचाराने ठरले नव्हते. ते त्या त्या काळी हाताशी असलेल्या यंत्रणेच्या ताकदीने आणि दुबळेपणाने ठरले. छायाचित्रकारांच्या दोन पिढ्यांच्या सवयी घडल्या त्या एका नाजूक सुईच्या आणि पुढे एका लहानशा कपॅसिटरच्या स्वभावातून.

मोजणीची निकड फार जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या जिलेटिन प्लेटा बाजारात आल्या आणि सेकंदाच्या अंशात छायाचित्र घेता येऊ लागले, तेव्हा नुसत्या अनुभवाचा अंदाज अपुरा पडू लागला. इंग्लंडमधील विडनेस येथील अल्कली उद्योगात काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड या दोन शास्त्रज्ञांनी हा प्रश्न पद्धतशीरपणे हाती घेतला. प्लेटवर पडलेला प्रकाश आणि धुतल्यानंतर तिच्यावर उमटणारा काळेपणा यांचा संबंध दाखवणारा वक्र त्यांनी १८९० साली प्रसिद्ध केला आणि छायाचित्रणाला मोजमापाच्या शास्त्राचा पाया मिळाला. त्याआधी १८८८ साली त्यांनी ‘अ‍ॅक्टिनोग्राफ’ नावाच्या सरकपट्टीचे पेटंट घेतले होते. वर्षाचा दिवस, घड्याळातील वेळ, ढगांची स्थिती, प्लेटचा वेग (म्हणजे तिची प्रकाशसंवेदनशीलता) आणि भिंगाचे छिद्र यांची सांगड घालून ती शटरचा काळ सांगत असे. हेरफर्डच्या आल्फ्रेड वॅटकिन्स यांच्या मीटरमध्ये प्रकाशसंवेदी कागदाचा एक तुकडा उन्हात धरून तो ठरावीक छटेइतका काळवंडायला किती सेकंद लागतात ते मोजायचे असे. पहिल्या साधनात प्रकाश मुळात मोजलाच जात नव्हता, त्याचे गणित मांडले जात होते. दुसऱ्यात तो मोजला जात होता खरा, पण डोळ्याने आणि सावकाश. या दोन्हींपैकी कशाचाही जोड कॅमेऱ्याच्या चाकांना आणि स्प्रिंगांना देता येण्यासारखा नव्हता.

तो जोड सेलेनियमने दिला. समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलींची चाचणी घेण्यासाठी विलोबी स्मिथ हे इंग्रज अभियंता सेलेनियमच्या कांड्या वापरत होते आणि त्यांचा विद्युतरोध प्रकाशात कमी होतो, हे निरीक्षण त्यांनी १८७३ साली जाहीर केले. तीनच वर्षांनी विल्यम ग्रिल्स अ‍ॅडम्स आणि रिचर्ड इव्हान्स डे यांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली : प्रकाश पडला की सेलेनियम स्वतःच वीज निर्माण करते, त्याला बॅटरीची गरज लागत नाही. या शोधाचा छायाचित्रकाराच्या हातात मावणारा उपयोग व्हायला मात्र अर्धे शतक जावे लागले. अमेरिकेत न्यूअर्क येथे एडवर्ड वेस्टन यांनी स्थापन केलेली विद्युतमापकांची कंपनी (त्याच नावाच्या प्रसिद्ध छायाचित्रकाराशी यांचा काही संबंध नव्हता) १९३२ साली सेलेनियमच्या सेलवर चालणारे एक्स्पोजर मीटर घेऊन बाजारात उतरली. सेलवर प्रकाश पडला की त्याच्या प्रमाणात अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह वाहतो, गॅल्व्हनोमीटर नावाच्या सूक्ष्म मापकाची सुई तितकी सरकते आणि सुईने दाखवलेला आकडा तबकडीवर जुळवला की छिद्र आणि वेग यांच्या चालू शकतील अशा सगळ्या जोड्या एका ओळीत समोर येतात. १९३५ साली जर्मनीतील झाईस आयकॉन कंपनीने आपल्या दोन भिंगांच्या काँटाफ्लेक्समध्ये असा मीटर कॅमेऱ्याच्या अंगातच बसवला. तरीही आकडा वाचून तो अ‍ॅपर्चरच्या कड्यावर नेण्याचे काम माणसाच्याच बोटांकडे राहिले.

सुईने स्वतःच छिद्र बदलावे, ही कल्पना त्यानंतर सुचणे स्वाभाविक होते आणि ती सुचलेल्यांपैकी एक नाव चकित करणारे आहे. अल्बर्ट आइनस्टाइन आणि त्यांचे मित्र, क्ष-किरणतज्ज्ञ गुस्ताव बकी यांनी डिसेंबर १९३५मध्ये प्रकाशानुसार स्वतःला जुळवून घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या पेटंटसाठी अमेरिकेत अर्ज केला आणि २७ ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांना ते मिळाले. त्यांच्या रचनेत प्रकाशविद्युत सेलच्या प्रवाहाने कमी-अधिक पारदर्शकतेचा एक पडदा भिंगाच्या वाटेत फिरत असे आणि जास्त उजेडात त्याचा गडद भाग आपोआप पुढे येत असे. हा कॅमेरा बाजारात कधीच आला नाही. त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे : ज्या अडचणीने सगळे अडले होते तिला या दोघांनी वळसा घातला होता. सेलेनियमचा प्रवाह अँपिअरच्या दशलक्षांशांत मोजावा इतका अल्प असतो. तो हलकी सुई सरकवू शकतो, हलका पडदा फार तर फिरवू शकतो, पण छिद्राची धातूची पाती आणि त्यांचे कडे ओढण्याचे बळ त्याच्यात नसते.

या अडचणीवरचे खरे उत्तर न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे कोडॅकच्या अभियंत्यांनी शोधले आणि ते १९३८ साली ‘सुपर सिक्स-२०’ या घडीच्या कॅमेऱ्यातून लोकांसमोर आले. त्याचे बाह्यरूप वॉल्टर डॉर्विन टीग या नामवंत औद्योगिक अभिकल्पकाचे होते. आतील विचार त्याहून सुंदर होता. या पद्धतीला पुढे ‘अडकलेल्या सुईची पद्धत’ असे नाव पडले आणि पुढील चाळीस वर्षे ती असंख्य कॅमेऱ्यांत वावरली, त्यामुळे ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. शटरचा वेग छायाचित्रकाराने आधी निवडायचा. सेलवर पडणाऱ्या प्रकाशाप्रमाणे सुई आपल्या जागी मोकळेपणाने डोलत असते. बोटाने बटण दाबायला सुरुवात केली की पहिल्या टप्प्यात एक पट्टी सुईवर येऊन टेकते आणि सुई जिथे असेल तिथे चिमटीत धरली जाते. बटण आणखी खाली गेले की पायऱ्यापायऱ्यांची कड असलेली एक तरफ सुईच्या दिशेने सरकते आणि तिची एखादी पायरी सुईला अडली की थांबते. सुई एका टोकाला असेल तर ती लवकर थांबते, दुसऱ्या टोकाला असेल तर दूरवर जाते. ही तरफ छिद्राच्या पात्यांना जोडलेली असते, त्यामुळे ती जिथे थांबली तेवढेच छिद्र उघडे राहते. मग बटण तळाला जाते आणि शटर सुटते. सुईकडे माहिती होती पण बळ नव्हते, बोटाकडे बळ होते पण माहिती नव्हती. या यंत्रणेने दोघांना एकत्र आणले आणि पाती हलवण्याचे सारे श्रम बोटाकडे सोपवले. स्वयंचलित एक्स्पोजरच्या सबंध इतिहासात इतकी मितव्ययी कल्पना दुसरी सापडत नाही, असे म्हणायला हरकत नाही.

या रचनेत एक निवड दडलेली होती आणि ती पुढच्या काळावर उमटली. तरफेने छिद्र बदलले, वेळ नाही, कारण त्या काळच्या यांत्रिक शटरचा वेग दातेरी चाकांच्या लहानशा घड्याळी यंत्रणेने ठरत असे आणि तो आधीच ठरवून दिलेल्या पायऱ्यांनीच बदलता येई. छिद्राचे कडे मात्र सलग फिरते, त्याला फक्त योग्य जागी थांबवले की काम होते. वेग माणसाने ठरवायचा आणि छिद्र यंत्राने, या पद्धतीला आज ‘शटर प्रायॉरिटी’ म्हणतात आणि वेगवान हालचाल टिपणाऱ्यांसाठी ती सोयीची असे सांगितले जाते. जन्माच्या वेळी तिचे कारण मात्र असे काहीच नव्हते. सुईला अडवून जे थांबवता येत होते ते छिद्र होते, एवढेच. सुपर सिक्स-२०ची किंमत २२५ डॉलर होती, जी त्या मंदीच्या दशकात बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची होती, आणि त्याचे जेमतेम सातशेच्या आसपास नग तयार झाले. दुसऱ्या महायुद्धाने या दिशेचे काम जवळजवळ थांबवले.

युद्धानंतर पुढची हालचाल झाली ती यंत्रापेक्षा हिशेबात. कॉम्पुर शटर बनवणाऱ्या म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल कंपनीने १९५०च्या दशकाच्या मध्यास ‘प्रकाशमूल्य’ पद्धत रूढ केली. तिच्यात छिद्र आणि वेग यांच्या प्रत्येक जोडीला एकच आकडा दिलेला असे आणि दोन्ही कडी एकमेकांत अडकवून फिरवता येत, म्हणजे एक स्टॉप लहान केला की वेग आपोआप एका पायरीने कमी होई आणि एकूण प्रकाश तसाच राही. या कल्पनेला पुढे अमेरिकी मानकसंस्थेने (एएसए) १९६० साली ‘एपेक्स’ या नावाने गणिती रूप दिले. छिद्र, वेळ, दृश्याची उजळता आणि फिल्मचा वेग या चारही राशी दुपटीच्या पायऱ्यांत मोजल्या की त्यांच्यातील गुणाकार-भागाकार नुसत्या बेरजेत उतरतो : उजळतेचा आकडा अधिक फिल्मचा आकडा बरोबर छिद्राचा आकडा अधिक वेळेचा आकडा. भर उन्हात १०० एएसए वेगाच्या फिल्मसाठी ही बेरीज १५च्या जवळपास येते. एफ/१६चा आकडा ८, १/१२५ सेकंदाचा ७, मिळून १५. सामान्य छायाचित्रकारांना हे आकडे कोरडे वाटले आणि कड्यांवरून ते लवकरच नाहीसे झाले. पण गुणाकारापेक्षा बेरीज ही कोणत्याही यंत्रणेला, मग ती तरफांची असो वा तारांची, फार सोपी पडते, आणि पुढील वीस वर्षांत कॅमेऱ्यांच्या पोटात जी इलेक्ट्रॉनिक मंडले बसली ती याच बेरजेवर चालली.

१९५९ साली अ‍ॅग्फाच्या म्युनिक येथील कारखान्यातून आलेल्या ‘ऑप्टिमा’ने प्रश्नाचा दुसरा भागही यंत्राकडे सोपवला. या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात छिद्र आणि वेग दोन्ही कॅमेराच निवडत असे. उजेडाच्या प्रत्येक पातळीसाठी एक जोडी आधीच ठरवून ठेवलेली होती आणि अशा ठरवून ठेवलेल्या जोड्यांच्या मालिकेलाच पुढे ‘प्रोग्रॅम’ असे नाव मिळाले. पुढच्या बाजूची मोठी कळ दाबली की दृश्यदर्शकात हिरवी किंवा लाल खूण दिसे : हिरवी दिसली तर छायाचित्र घ्या, लाल दिसली तर उजेड अपुरा आहे. ऑप्टिमाचा खप प्रचंड झाला, आणि त्यामागे एक सामाजिक बदल होता. युद्धोत्तर युरोपात सुट्टीत प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांच्या हातात रंगीत फिल्म येऊ लागली होती आणि रंगीत पारदर्शिकांना चुकीचे एक्स्पोजर अजिबात सोसत नाही. कृष्णधवल निगेटिव्ह धुताना किंवा छापताना जी चूक सावरता येत असे ती आता थेट पडद्यावर दिसू लागली. हौशी छायाचित्रकाराची गरज वाढली आणि त्याचे शिक्षण मात्र तेवढेच राहिले. ती दरी ऑप्टिमाने भरून काढली.

जपानमध्ये हीच वाट ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानी यांनी अधिक साध्या अंगाने चोखाळली. १९६१चा ‘पेन ईई’ हा अर्ध्या चौकटीचा कॅमेरा, म्हणजे ३६ चित्रांच्या रोलवर ७२ चित्रे देणारा, भिंगाभोवती सेलेनियमचे कडे घेऊन आला आणि त्याच कुळातील ‘ट्रिप ३५’ १९६७पासून १९८४पर्यंत तयार होत राहिला. ट्रिपमध्ये फक्त दोन वेग होते, १/४० आणि १/२०० सेकंद. भरपूर उजेडात दुसरा, कमी उजेडात पहिला, आणि छिद्र अडकलेल्या सुईने ठरायचे. उजेड एवढा कमी असेल की सगळ्यात मोठे छिद्र आणि जास्तीत जास्त वेळ देऊनही भागणार नाही, तर दृश्यदर्शकात लाल रंगाची एक जीभ वर येई आणि बटण दाबलेच जात नसे. फिल्मचा प्रत्येक तुकडा पैसे मोजून घेतलेला असताना ग्राहकाला निष्फळ छायाचित्र घेऊच न देणे हा त्याच्यावरचा मोठा उपकार होता. या कॅमेऱ्यांना बॅटरी लागत नव्हती, आणि कित्येक ट्रिप अर्ध्या शतकानंतरही चालू स्थितीत आहेत, हे त्या यांत्रिक साधेपणाचेच यश आहे.

सेलेनियमची मर्यादा मात्र उघड होती. पुरेशी वीज मिळण्यासाठी सेलचा पृष्ठभाग मोठा लागे आणि तो कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काच पांघरून बसे. अंधुक खोलीत तर सुई जागची हलतच नसे. १९६०च्या दशकात कॅडमियम सल्फाइडने त्याची जागा घेतली. हा पदार्थ स्वतः वीज निर्माण करत नाही, प्रकाशात त्याचा विद्युतरोध घटतो. म्हणून त्याला सोबत बॅटरी लागते. पण मसुराच्या दाण्याएवढा सेलही भरपूर संवेदनशील असल्याने मीटर आता कॅमेऱ्याच्या आत, भिंगाच्या मागे ठेवता आला. टोकियो कोगाकू कंपनीच्या १९६३च्या टॉपकॉन आरई सुपरमध्ये तो भिंगातून आलेला प्रकाश दृश्यदर्शकाकडे वळवणाऱ्या आरशाच्या मागे बसवलेला होता आणि आरशावर कोरलेल्या बारीक फटींतून त्याच्यापर्यंत प्रकाश पोचत असे. पुढच्याच वर्षी पेंटॅक्सच्या स्पॉटमॅटिकने भिंगातून येणारा प्रकाश मोजण्याची ही पद्धत घरोघरी पोचवली. नव्या पदार्थाला खोडही होती : तीव्र उजेडानंतर अंधाराकडे वळवले की तो काही काळ आधीच्या उजेडाचीच आठवण धरून बसे आणि चुकीचा आकडा सांगे.

एका भिंगाच्या रिफ्लेक्स, म्हणजे अशा आरशातून दृश्य दाखवणाऱ्या, बदलता येणाऱ्या लेन्सच्या, पडदा-शटर (फिल्मसमोरून एकामागून एक सरकणारे दोन पडदे) असलेल्या कॅमेऱ्यात स्वयंचलित एक्स्पोजर प्रथम आणले ते कोनिकाने, १९६५च्या ऑटो-रिफ्लेक्समध्ये. आणि तेही अडकलेल्या सुईने, म्हणजे वेग माणसाचा आणि छिद्र यंत्राचे. १९६८च्या ऑटोरिफ्लेक्स टी-मध्ये हेच काम भिंगातून मोजलेल्या प्रकाशावर होऊ लागले. इथे यांत्रिक युगाचा परमोत्कर्ष झाला असे म्हणता येईल. कोडॅकने तीस वर्षांपूर्वी मांडलेली युक्ती आता व्यावसायिकांच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचली होती.

दरम्यान दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनिक शटर आले आणि त्याने सारी चौकट उलटवली. या शटरचे तत्त्व समजायला सोपे आहे. बॅटरीतून कॅडमियम सल्फाइडच्या सेलमार्गे एका कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकात, वीज भरू लागते. उजेड जास्त असेल तर सेलचा रोध कमी, म्हणून कपॅसिटर लवकर भरतो. उजेड कमी असेल तर सावकाश. बटण दाबताच शटर उघडते आणि एक लहान विद्युतचुंबक त्याला उघडे धरून ठेवतो. कपॅसिटरवरील विद्युतदाब ठरावीक पातळीला पोचला की ट्रान्झिस्टर चुंबकाचा प्रवाह तोडतो आणि शटर मिटते. इथे प्रकाशच वेळ मोजतो. सुई नको, तिला अडवणारी पट्टी नको, पायऱ्यांची तरफ नको. आणि या यंत्रणेला जे बदलणे स्वाभाविक आहे ते छिद्र नसून वेळ आहे. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक शटरबरोबर ‘अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी’, म्हणजे छिद्र माणसाचे आणि वेळ यंत्राचा, ही पद्धत पुढे आली. पोलरॉइडने १९६३च्या ऑटोमॅटिक १००मध्ये असे शटर वापरले. १९६६च्या याशिका इलेक्ट्रो ३५ने ते ३५ मिलिमीटरच्या सर्वसामान्य कॅमेऱ्यात आणले. याशिकात छिद्राचे कडे फिरवायचे आणि वरच्या दोन बाणांकडे पाहायचे : पिवळा दिवा लागला तर वेळ इतका वाढला आहे की कॅमेरा हातात स्थिर राहणार नाही, लाल लागला तर छिद्र आणखी बारीक करायला हवे. कॅमेऱ्याने नेमका किती वेळ निवडला हे तो कुठेच सांगत नसे, आणि १/५००पासून कित्येक सेकंदांपर्यंतचा कोणताही अधलामधला काळ, पायऱ्यांचे बंधन न मानता, तो देऊ शकत असे.

एका भिंगाच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात हे तत्त्व आणताना मात्र एक विचित्र पेच उभा राहिला. मीटर आरशातून वर गेलेला प्रकाश मोजतो. पण छायाचित्र घेण्याच्या क्षणी आरसाच वर उचलला जातो आणि मीटर आंधळा होतो. १९७१च्या पेंटॅक्स इलेक्ट्रो स्पॉटमॅटिकने यावर आठवणीचा उपाय केला : आरसा उचलण्यापूर्वीचे मोजमाप विद्युतदाबाच्या रूपात साठवून ठेवायचे आणि त्यावरून शटरचा वेळ ठरवायचा. माइतानी यांनी १९७५च्या ऑलिंपस ओएम-२मध्ये याहून धाडसी मार्ग निवडला. त्यांनी सिलिकॉनचे सेल आरशाच्या पेटीच्या तळाशी, तोंड फिल्मकडे करून बसवले आणि एक्स्पोजर चालू असतानाच फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजायला लावला. वेळ मोठा असेल तर सेल फिल्मच पाहतो. पण वेगवान शटरमध्ये दुसरा पडदा लवकर निघत असल्याने फिल्म पूर्ण उघडी पडायला अवकाशच मिळत नाही. म्हणून पहिल्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची अशी नक्षी छापण्यात आली की तिच्यावरून परतणारा प्रकाश साधारण फिल्मवरून परतणाऱ्या प्रकाशाइतका असावा. कॅमेऱ्याची लेन्स काढून शटर पाहिले की ती नक्षी अजून दिसते, आणि ती सजावट नाही, मोजमापाचा भाग आहे, हे कळल्यावर त्या कामाची थोरवी ध्यानात येते. छायाचित्र घेताना मध्येच ढग आला, मेणबत्ती फडफडली किंवा फ्लॅश पेटला, तरी त्या क्षणीच्या प्रकाशाप्रमाणे कॅमेरा वेळ बदलू शकत होता. रिफ्लेक्स कॅमेऱ्यात मोजणी आणि क्रिया यांच्यातील फट इथे प्रथमच मिटली.

हे शक्य झाले ते सिलिकॉनमुळे. सिलिकॉनचा सेल क्षणार्धात प्रतिसाद देतो आणि मागच्या उजेडाची आठवण ठेवत नाही. पण त्याचा प्रवाह इतका क्षीण असतो की प्रवर्धक मंडलांशिवाय तो निरुपयोगी. एकात्मिक मंडले, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या पट्टीवर बसलेले शेकडो ट्रान्झिस्टर, स्वस्त होईपर्यंत त्याला वाट पाहावी लागली. एप्रिल १९७६मध्ये कॅनन एई-१ आला, तेव्हा कॅमेऱ्याची सर्व कामे एका मध्यवर्ती सूक्ष्मप्रक्रियकाच्या ताब्यात देणारा तो पहिला रिफ्लेक्स कॅमेरा होता, आणि त्यामुळे सुमारे ३०० सुटे भाग वाचले असे कॅननने सांगितले. भाग कमी म्हणजे जुळणीचे श्रम कमी आणि किंमत कमी. एई-१ लाखोंच्या संख्येने खपला आणि स्वयंचलित रिफ्लेक्स ही चैनीची वस्तू उरली नाही. लक्षणीय गोष्ट अशी की कॅननने यात अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी घेतली नाही, शटर प्रायॉरिटीच ठेवली. इलेक्ट्रॉनिक युगात असे करण्याची तांत्रिक सक्ती आता नव्हती. कॅननच्या एफडी लेन्सच्या मागे छिद्र बाहेरून हलवणारी तरफ आधीपासून होती, आणि कंपनीने तिचा लाभ घेतला. या टप्प्यापासून निवड यंत्राच्या स्वभावाने नव्हे, तर कंपन्यांच्या जुन्या गुंतवणुकीने ठरू लागली.

मिनोल्टाच्या १९७७च्या एक्सडी-मध्ये दोन्ही पद्धती एकाच अंगात आल्या. त्यातील एक सोय आजच्या वाचकालाही आवडेल : शटर प्रायॉरिटीत छिद्र मिटल्यानंतर कॅमेरा पुन्हा एकदा प्रकाश तपासत असे आणि निवडलेल्या वेगाने भागत नसेल तर वेग स्वतः बदलून टाकत असे. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, कॅनन ए-१ने या दोन पद्धतींच्या जोडीला प्रोग्रॅमही दिला, आणि दृश्यदर्शकात सुईऐवजी लाल आकडे उजळू लागले. ऑप्टिमाच्या वेळी प्रोग्रॅम म्हणजे हौशी माणसाची काठी होती. आता तो जाणत्यांच्या कॅमेऱ्यातही आला. तरी प्रोग्रॅमच्या मर्यादा ठळक होत्या. उजेड वाढत जाईल तसे छिद्र लहान आणि वेळ कमी, असे दोन्ही जोडीने बदलणारी एक रेषा आखलेली असे, आणि ती रेषा आखणाऱ्याच्या मनात सर्वसाधारण भिंगाने घेतलेले सर्वसाधारण दृश्य असे. लांब पल्ल्याच्या लेन्सने हात थोडा हलला तरी चित्र पुसट होते, म्हणून तिला जास्त वेगाची रेषा हवी. विस्तृत कोनाच्या लेन्सला खोलवर रेखीवपणा हवा, म्हणून तिला लहान छिद्राची. १९८४च्या कॅनन टी-७०मध्ये या दोन्हींसाठी वेगळे प्रोग्रॅम आले, ते हीच उणीव ओळखून.

प्रकाशाच्या वाटपाचा प्रश्न असा सुटत असताना मोजणीचा प्रश्न, जो सेलेनियमने सोडवला असे मानले जात होते, पुन्हा उघडा पडला. प्रत्येक मीटर एका गृहीतावर चालतो : समोरच्या सगळ्या छटांची सरासरी काढली तर ती मध्यम करडी येईल. दृश्य तसे असेल तर उत्तर बरोबर येते. पण बर्फाच्या मैदानापुढे मीटर बर्फालाही करडे करून टाकतो, काळ्या पोशाखातील माणसाला उजळ करतो, आणि खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून उभ्या असलेल्याचा चेहरा काळवंडून टाकतो. या चुका यंत्राच्या बिघाडामुळे होत नव्हत्या; त्या यंत्राला समोर काय आहे हे माहीत नसल्यामुळे होत होत्या. तोवर यावरचा उपाय म्हणजे मुख्यतः मध्यभागाला जास्त वजन देणे किंवा छायाचित्रकाराने तबकडी फिरवून एक-दोन स्टॉपची दुरुस्ती करणे हाच होता.

निकॉनच्या १९८३च्या एफए-ने या गृहीतालाच हात घातला. त्याच्या मीटरने चौकटीचे पाच भाग केले, एक मध्यभागी आणि चार कोपऱ्यांकडे, प्रत्येकाची उजळता स्वतंत्रपणे मोजली, आणि त्यांच्यातील फरकांवरून समोरचे दृश्य कोणत्या नमुन्यात बसते ते ओळखण्याचा प्रयत्न केला. वरचे भाग खालच्यांपेक्षा फार उजळ असतील तर ते आकाश असावे आणि त्याला हिशेबात कमी स्थान द्यावे. मधला भाग सभोवतालापेक्षा बराच गडद असेल तर विषय प्रकाशाला पाठमोरा असावा आणि त्याला जास्त प्रकाश द्यावा. अशा अनेक नियमांची आखणी निकॉनच्या अभियंत्यांनी प्रत्यक्ष छायाचित्रे तपासून केली होती. मोजमाप इथे प्रथमच अर्थ लावण्याकडे वळले, आणि १९९६च्या निकॉन एफ५मध्ये १,००५ बिंदूंचा रंग ओळखणारा मीटर आला तो याच वाटेने.

एफए-वर निकॉनने एक लहान कळही ठेवली होती, जी दाबली की पाच भागांचा हा विचार बाजूला पडून जुन्या मध्यभारित मापनाकडे परतता येत असे. कॅमेरा कोणत्या क्षणी कोणता तर्क लावतो आहे हे दिसत नसल्याने अनेक अनुभवी छायाचित्रकारांना त्या निर्णयावर विसंबणे कठीण वाटत होते. त्याच सुमारास, १९८२पासून, निकॉन एफएम२ हा पूर्णपणे यांत्रिक शटरचा कॅमेरा विकत होती. त्यात बॅटरी फक्त मीटरसाठी होती, मीटर अधिक, शून्य आणि वजा असे तीन दिवे दाखवून थांबत असे, आणि छिद्र व वेळ यांची जोडी छायाचित्रकारालाच जुळवावी लागे. एफएचे उत्पादन १९८०च्या दशकातच थांबले. एफएम२ची सुधारित आवृत्ती २००१पर्यंत तयार होत राहिली.